तापानं गेला

पू रो कुंगना खोटं बोलता येत नाही, असं आमच्या इमारतीत कुणीही शपथेवर सांगितलं असतं. (पू म्हणजे आमच्यात आजोबा, आणि पी म्हणजे आजी.) एकदा पुडूच्या बाजाराबाहेर पोलिसानं त्यांना नुसतं "कुठे निघालात, आजोबा?" असं विचारलं, तर यांनी उत्तर दिलं, "माझ्याकडे कागद नाहीत." पोलिसालाच ओशाळल्यासारखं झालं. त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि यांना "जा" म्हणाला. घरी येऊन पू रो कुंगनी ही गोष्ट आम्हाला तक्रारीच्या सुरात सांगितली. पोलिसानं पुढचं काही विचारलंच नाही, ही त्यांची तक्रार.

असा माणूस जेवायला शेजारी बसवावा, मुलाखतीला पाठवू नये. आणि मुलाखतीला पाठवायची माणसं तयार करणं हेच माझं काम. क्वालालंपूरमध्ये आम्हा चिन (चिनी नव्हे) लोकांचं एक मंडळ आहे. ब्रह्मदेशातल्या आमच्या डोंगरांतून जो कुणी पळून इथे येतो, त्याला निर्वासितांच्या कार्यालयात बोलावणं येतं. तिथे एका खोलीत बसवून विचारतात, का पळालात? उत्तर पटलं तर कार्ड मिळतं. कार्ड असलं की रस्त्यात पोलिसानं धरलं तरी सुटता येतं. नसलं तर धरलेला माणूस छावणीत जातो, आणि छावणीतून कोण कधी बाहेर येईल हे देवालाही सांगता येत नाही.

तयारी रविवारी व्हायची, प्रार्थनेहून आल्यावर. सबूतीचं पातेलं गॅसवर चढायचं. ही आमची मक्याची पेज शिजायला भलता वेळ घेते, तेवढ्यात दोन माणसं तयार करून होतात. आमच्या फ्लॅटमध्ये पडदे लावून चार कुटुंबं राहतात. रविवारी पडदे सरकवायचे, मी खुर्चीवर साहेब म्हणून बसायचं, उमेदवार समोर स्टुलावर, आणि बाकी सगळे भिंतीला टेकून तमाशा बघायला.

त्या स्टुलावर पू रो कुंग बसले तेव्हा त्यांची मान पुढे झुकलेलीच होती. ती तशीच असायची. जन्मभर डोंगरात टोपल्या वाहिल्या त्यांनी, कपाळावर पट्टा अडकवून. लुंगझार या त्यांच्या गावच्या चर्चची घंटा हाखा शहरापासून त्यांनी एकट्यानं पाठीवर आणली, ही तिकडची ऐकीव कथा. आमच्या इमारतीला लिफ्ट असूनही ते तांदळाचं पोतं कपाळाच्या पट्ट्यानं जिन्यावरून आणायचे. "लिफ्टमध्ये पोतं घेऊन उभं राहायचं म्हणजे लबाडी केल्यासारखं वाटतं," म्हणायचे. दिवसभर एका चिनी हॉटेलात भांडी घासायची आणि संध्याकाळी ही पोती.

"नाव सांगा," मी म्हटलं.

"तेई, तुला माहीत नाही होय माझं नाव?"

"पू, मी आत्ता तेई नाही. मी साहेब आहे."

"बरं, साहेब. जेवलात का?"

भिंतीकडून हशा पिकला. मी डोळे वटारले.

"लष्कराच्या शिपायांनी तुम्हाला काय केलं?"

"ओझी वाहायला नेलं."

"मारलं?"

"सगळ्यांनाच मारायचे."

"सगळ्यांचं सोडा. तुम्हाला?"

"मलाही, थोडंसं."

"थोडंसं? समोरचे दात कुठे गेले मग?"

"वय झालं, साहेब."

तेवढ्यात मोहरीचा पाला निवडत बसलेली त्यांची बायको, पी सुई मेन, मान वर न करता म्हणाली, "वयानं नाही. बंदुकीच्या दस्त्यानं."

"त्यातला एक आधीच हलत होता," पू रो कुंग म्हणाले.

आता अशा माणसाचं काय करायचं? आमच्यात स्वतःचं दुखणं सांगत फिरणं हलकं समजतात. कसे आहात म्हटलं की बरे आहोत म्हणायचं, मग कपाळ फुटलेलं का असेना. घरात ती खानदानी रीत, पण कार्यालयात ती अंगाशी येते. ते कार्यालय म्हणजे बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर या जातीचं. थोडंसं मारलं म्हटलं की ते थोडंसंच लिहून घेतात.

तिसऱ्या मजल्यावरचा झो तुम दारात उभा राहून हे ऐकत होता. तो गोष्टी विकायचा. ज्याची स्वतःची हकिकत फिकी, त्याला हा रंगवून द्यायचा. "पू, माझ्याकडे या," तो म्हणाला. "तुरुंग फोडून पळालात असं करू. तुरुंग चांगला चालतो हल्ली."

"मी तुरुंग पाहिलेला नाही रे बाबा," पू रो कुंग म्हणाले. "कोणत्या बाजूला दार असतं तेही माहीत नाही."

झो तुमला मी चपला दाखवून जिन्यापर्यंत पोचवलं. मी कुणाला गोष्ट देत नाही. आहे तेच नीट सांगायला लावते, एवढंच. आणि एक पक्कं करून घेते, नवरा-बायकोची उत्तरं. तिथे दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवतात. एकानं चूल उजवीकडे सांगितली आणि दुसऱ्यानं डावीकडे, की दोघंही खोटारडे ठरतात.

म्हणून मी दोघांना आलटून पालटून विचारलं. घराला दारं किती, डुकरं किती होती, कोणत्या पिकाच्या वेळी गाव सोडलं. सगळं जुळलं.

"मुलं किती?"

"एक. झा लियान."

"कुठे असतो?"

"वारला," पू रो कुंग म्हणाले.

"कशानं?"

"तापानं. तापानं गेला."

मग पी सुई मेनला विचारलं. ती म्हणाली, "तापानं गेला." त्याच शब्दांत, त्याच सुरात. मी पुढच्या प्रश्नाकडे वळले. आमच्या डोंगरांत ताप घरोघर माणूस नेतो, त्यात विचारण्यासारखं काही नव्हतं.

मुलाखत झाली. दोघं परत आले ते गप्पच होते, पण तसे तर सगळेच येतात. पू रो कुंग हात धुऊन हॉटेलात कामावर गेले. पी सुई मेन पडदा ओढून झोपली आणि दुसऱ्या दिवशी उठली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. मला वाटलं, थकली असेल.

पुष्कळ महिन्यांनी उत्तर आलं. नाही. कारण असं की मुलाच्या मृत्यूबद्दल पतीनं एक सांगितलं आणि पत्नीनं वेगळंच, तेव्हा दोघांच्याही म्हणण्यावर भरवसा ठेवता येत नाही.

मी ते दोघांना मोरीजवळच्या अंधाऱ्या स्वयंपाकघरात बोलावून सांगितलं, म्हणजे बाकीच्यांनी ऐकायला नको. पू रो कुंग बायकोकडे वळले.

"काय सांगितलंस तू?"

"खरं."

"आपलं ठरलं होतं, सुई मेन."

"ठरलं होतं," ती म्हणाली. "मला मुलाखतीतल्या त्या बाईनं विचारलं, तुमचा मुलगा शेवटचं काय बोलला? आता ताप आलेला माणूस काय बोलतो ते मला सुचेना. मला खरं तेच आठवलं."

"काय बोलला होता?" मी विचारलं.

तिनं नवऱ्याकडे बोट केलं. "बापाच्या पाठीवर होता. म्हणाला, बाला दम लागलाय, मला खाली ठेवायला सांग."

पू रो कुंग तिथेच जमिनीवर बसले. मग जे होतं ते मला तिच्याकडून कळलं. ते अधूनमधून फक्त "हो" म्हणत होते.

शिपाई ओझेवाले न्यायला आले त्या खेपेला पू रो कुंग पाठ धरून पडून होते. झा लियान म्हणाला, मी जातो. खिंडीत तो मागे पडला म्हणून त्याला मारलं, आणि चालता येईना तेव्हा तिथेच टाकून पलटण पुढे गेली. बाप तशा पाठीनं खिंडीत गेला आणि पोराला टोपलीसारखा कपाळाच्या पट्ट्यानं बांधून घेऊन आला. आई पाणी घेऊन गावच्या वळणापर्यंत सामोरी गेली होती. तिथेच त्यानं प्राण सोडला.

हाणामारीत गेला, झाडावरून पडून गेला, वाघानं नेला, याला आमच्यात वाईट मरण म्हणतात. त्या प्रेताला गावात आणत नाहीत. कुंपणाबाहेर खड्डा करून घाईनं पुरून टाकतात, त्याच्यासाठी कुणी रात्र जागवत नाही, गाणी म्हणत नाही, आणि पुढे घरात त्याचं नाव काढत नाहीत. नाहीतर ते मरण गावाला लागतं. आम्ही ख्रिस्ती होऊन आता पिढ्या झाल्या. पास्टर सांगतात की हे सगळं मागे टाका. पण पास्टर हाखाला राहतात आणि कुंपण गावात असतं.

झा लियानचा आजोबा दफनभूमीत पाइनच्या झाडाखाली होता. आज्यानंच त्याला वाढवलेलं. नवरा-बायकोनं त्या वळणावर उभ्या उभ्या ठरवलं, ताप म्हणायचं. तिनं कुणाला हात लावू न देता त्याला एकटीनं धुतलं आणि हनुवटीपर्यंत चादरीत गुंडाळलं. लोक आले, गाणी झाली, आणि झा लियान आज्याशेजारी गेला.

"माझ्या खोलीतला दुभाषा पलीकडच्या गावचा होता," पू रो कुंग म्हणाले. "त्याची आतेबहीण लुंगझारला दिलेली. मी खरं बोललो असतो तर चार दिवसांत गावात पोचलं असतं. मग त्याला तिथून काढून कुंपणाबाहेर टाकला असता. तेई, हाडं उचलून टाकली असती गं माझ्या पोराची!"

खोटं न बोलता येणारा माणूस जन्मात एक खोटं बोलला, आणि ते नेमकं तिथे, जिथे खऱ्यानं त्याचं भलं झालं असतं. मला आजही त्याचा राग येतो आणि तो कुणावर काढावा ते कळत नाही.

अजून एक वाट होती. फेरविचाराचा अर्ज. त्याला मुदत असते. मी म्हटलं, दोघांनी एका तोंडानं खरं सांगा, पहिल्यांदा का लपवलं तेही सांगा, कदाचित ऐकतील.

"लिही की सुई मेनची चूक झाली," पू रो कुंग म्हणाले. "पोराच्या दुःखानं तिला भ्रम झाला, म्हणून ती तसं बोलली."

"मी त्याला दुसऱ्यांदा तापानं मारणार नाही," पी सुई मेन म्हणाली. "इतकी वर्षं तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्ला. त्या खोलीत पहिल्यांदा मोठ्यानं रडले मी. ती बाई परकी, पण थांबली माझ्यासाठी. आता ते रडणं खोटं होतं असं मी सांगू?"

त्यानंतर ती दोघं एकमेकांशी कामापुरतंच बोलायची. तेही माझ्यामार्फत. "तेई, त्यांना सांग, भात झाकून ठेवलाय." ते तिच्यापासून दोन हात अंतरावर बसलेले असायचे. "तेई, तिला सांग, ऐकलं." लग्नाला चाळीस वर्षं होत आलेली माणसं. हसावं की रडावं!

मुदत सरत आली तशी माझी जीभ सुटली. मी म्हटलं, "पू, मेलेल्याची जागा राखायला जिवंत माणसाची घालवताय तुम्ही. कळतंय का?"

ते शांतपणे म्हणाले, "जिवंत माणसाला उठून दुसरीकडे जाता येतं, तेई."

मुदत गेली.

जिवंत माणसाला दुसरीकडे जाता येतं हेही पुढे खरं निघालं नाही. पुढच्या पावसाळ्यात भाजीबाजारात धाड पडली. कार्ड असलेल्यांना संध्याकाळी सोडलं. पी सुई मेनला नाही. आम्ही मंडळातून खेटे घातले, अर्ज केले. निरोप एवढाच मिळाला की ती छावणीत आहे, तब्येत बरी आहे. बरी आहे हे तिनंच सांगितलेलं असणार, आमच्या रीतीप्रमाणे. भेटायला जायचं तर ज्याच्याजवळ कागद आहेत त्यानंच जावं. म्हणजे नवऱ्यानं नाही. मी एकदा गेले तर आत सोडलं नाही.

पू रो कुंगनी हॉटेलचं काम सोडलं. बाहेर पडायचंच बंद केलं. हॉटेलवाली बाई चांगली, ती लसणाची पोती घरी पाठवते आणि हे सोलून देतात. सकाळपासून तेच. अर्ध्या फ्लॅटला लसणाचा वास. कुणी नाक मुरडलं नाही. मला एकदा म्हणाले, "ती बरोबर होती. मी तिच्याबरोबर खरं बोलायला हवं होतं. पण मग त्याचं काय झालं असतं, सांग." हे ते मला आठवड्यातून एकदा तरी विचारायचे. मी दर वेळी म्हणायचे, माहीत नाही. मला खरंच माहीत नव्हतं.

मग तिकडे देशात पुन्हा लष्कर माजलं, गावंच्या गावं पेटली, आणि नवी माणसं येऊ लागली. त्यांत एक दिवस लुंगझारचे उपा हेई मांग आले. उपा म्हणजे गावच्या चर्चचे वडीलधारे. कुंपणाच्या आत कुणी आणि बाहेर कुणी, हे गावात हेच ठरवायचे. जंगलातून, थायलंडमार्गे, मिळेल त्या गाडीतून आलेले, पायांना फोड. लुंगझार जळालं, म्हणाले. चर्चही. माणसं जंगलात आहेत. पू रो कुंगनी त्यांना आपली चटई दिली आणि स्वतः लसणाच्या पोत्यांशेजारी अंथरूण घातलं. गावाची चौकशी केली, पण दफनभूमीबद्दल एक अक्षर विचारलं नाही. आपल्या मुलाखतीबद्दल उपांना कुणी काही सांगू नये म्हणून मला बाजूला घेऊन विनवलं. मी कशाला सांगते!

उपांना कार्यालयाचं बोलावणं आलं. रविवारी पडदे सरकले, सबूती चढली, उपा स्टुलावर बसले. पू रो कुंग कोपऱ्यात लसूण सोलत होते.

"गाव का सोडलंत?"

"गाव उरलं नाही म्हणून."

"तुमच्या गावात शिपायांनी कुणाला मारलं? नावं सांगता येतील?"

"का नाही येणार!" उपा म्हणाले. त्यांनी बोट मोडलं. "सगळ्यात पहिला झा लियान. या आपल्या रो कुंगचा. ओझी वाहायला नेला आणि खिंडीत मारला. त्याच्यानंतर..."

पुढचं नाव कुणी ऐकलं नाही. कोपऱ्यात सुरी थांबली होती. उपांनाही ते कळलं आणि ते बोलायचे थांबले.

"तो तापानं गेला," पू रो कुंग म्हणाले.

"रो कुंग, खड्डा मी खणला होता," उपा हळूच म्हणाले. "खाली उतरवताना चादर सरकली. माझ्याबरोबर चौघं होते. आम्ही चादर नीट केली."

"मग?"

"मग माती लोटली."

"कुणाला सांगितलंत?"

"सांगायचं कुणाला? त्याआधीच माहीत होतं सगळ्यांना. तापाच्या पोराला कुणी आई दार लावून एकटी धुते का? बायकांना तर आम्हा पुरुषांच्या आधी कळलं."

"सगळ्यांना? वरच्या आळीलाही?"

"सगळ्या गावाला, बाबा."

"आणि कुणी काढा म्हणालं नाही? तुम्हीसुद्धा?"

"एकदा विषय निघाला होता," उपा म्हणाले. "त्याच्या आज्याशेजारी जागा रिकामी होती. माझी आई म्हणाली, पोरगं बापाऐवजी गेलं, त्याला बाहेर झोपवता होय रे? विषय तिथेच मिटला. तुम्हाला सांगवत नव्हतं, म्हणून आम्हीही विचारलं नाही. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून."

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. इकडे दोन म्हाताऱ्यांनी मूठ आवळून धरली होती आणि तिकडे सगळं गाव त्यांना दिसू नये म्हणून डोळे मिटून बसलं होतं. मला ओरडावंसं वाटलं. एका माणसानं, फक्त एका माणसानं, कधी शेताच्या बांधावर, कधी फोनवर, "रो कुंग, आम्हाला ठाऊक आहे" एवढं म्हटलं असतं तर पी सुई मेन आज इथे मोहरीचा पाला निवडत बसली असती. पण आम्ही पडलो रीतीची माणसं. कुणाच्या जखमेला हात लावत नाही, आणि मग ती आत सडते.

पू रो कुंग उठले नाहीत. रडलेही नाहीत. त्यांनी हातातली पाकळी टोपल्यात टाकली.

"मग मी लपवत कुणापासून होतो?" ते म्हणाले.

उपांना अवघडल्यासारखं झालं. ते स्टुलावरून उतरून त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि म्हणाले, "मुलाखतीत हे सांगायचं की नाही, ते तू ठरव. तू नको म्हणालास तर मी दुसरी नावं सांगेन. नावांना तोटा नाही."

पू रो कुंगनी मान हलवली. "सांगा," ते म्हणाले. "पहिलं त्याचंच सांगा. आणि ते म्हणतील, याची आई इथे येऊन गेली होती. तर त्यांना सांगा, ती खरं बोलली होती. तिचा नवरा खोटं बोलला."